शिकाऊ मास्तर आणि माझी पेटी

कर्टिस बेलामी आमच्या हायस्कुलात सुतारकाम शिकवायला आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. पुरता मास्तर नव्हे, शिकाऊ. मूळचा डेट्रॉइटचा, इथून गाडीने दहा तास खाली, दक्षिणेला. हात चांगला, पण चेहरा असा की शेजारी कुणी शिंकलं तरी दचकेल. तीन आठवडे वर्ग एकट्याने सांभाळायचा होता. कॉलेजच्या तपासनीस बाई दोनदा येऊन बघणार, आणि त्यांनी नापास केलं की चार वर्षं पाण्यात.

पहिल्याच दिवशी त्याने मुलांना सांगितलं, "घरात ज्याची खरोखर गरज आहे ते बनवा." कुणी बुटांचं कपाट घेतलं, कुणी बाक. माझी नात कायसा, वय सोळा, तिने कागदावर लिहून दिलं: पाइनची पेटी, झाकणासकट, सव्वासहा फूट. कर्टिसला वाटलं, ब्लँकेटं ठेवायला असेल. बाकीच्या पोरांना पहिली फळी कापली तेव्हाच कळलं होतं, पण त्यात सांगण्यासारखं काय, म्हणून कुणी बोललं नाही.

तपासनीस बाई आल्या त्या मंगळवारी कायसा माप बघायला पेटीत उताणी झोपली होती, हात छातीवर, आणि तिच्याच वर्गातली लाहतींची जुळी पोरं वरून झाकण बसवत होती.

"हे काय चाललंय?" बाई किंचाळल्या.

"शवपेटी," कायसा आतून म्हणाली.

"कुणाची?"

"मुम्मूची." मुम्मू म्हणजे मी, तिची आजी.

"अरेरे. कधी गेल्या?"

"कुठे जातेय ती! घरी पाव भाजतेय."

कर्टिसच्या हातातला रंधा सुटला तो नेमका त्याच्याच पायावर. बाईंनी वहीत भराभर लिहिलं. "शुक्रवारी मी परत येईन. हे इथे दिसलं, तर तुमचं कठीण आहे."

संध्याकाळी तो लंगडत माझ्या दारात. मी कॉफी ओतली, वेलचीचा पाव कापला. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मी आधीच पुरलेली.

"आजी, तुम्ही... आजारी आहात का?"

"गुडघा दुखतो."

"मग ही पेटी?"

"माझ्या सासूची माझ्या नवऱ्याने केली, नवऱ्याची त्याच्या भावाने. आता घरात रंधा धरणारी ही एकच पोर उरलीय. आणि गरजेचं बनवा असं तूच म्हणालास ना रे?"

त्याने पाव बशीत परत ठेवला. "मी कायसाला थांबवायला गेलो होतो," तो म्हणाला. "तिने एवढंच विचारलं, सर, मग तुम्ही ते उगाच म्हणाला होतात का?"

उठता उठता तो थबकला. माझ्या खांद्यांकडे बघत राहिला. कायसा काडीसारखी, आणि माप तिने स्वतःचं घेतलेलं. त्याने खिशातून टेप काढली आणि माझ्या खांद्यांवर धरली.

"दोन इंच कमी पडतील," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्याने टेप घाईघाईने खिशात कोंबली.

शुक्रवारी पेटी वर्गाच्या मधोमध होती, आधीपेक्षा दोन इंच जास्त रुंद. आत वाळूची पोती, सहा पोरं पेटी उचलून उभी, आणि कर्टिस खाली वाकून तळाला फट पडते का बघतोय. बाई दारातच थिजल्या.

"मी काय सांगितलं होतं?"

"मॅडम, मुलांना मी शब्द दिलाय. नापास करायचं तर करा. पण आधी हा तळ बघा. एक खिळा नाही, सगळा सांध्यांवर बसवलाय."

बाईंनी वाकून तळावरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा.

"रुंदीचं माप कुणी घेतलं?"

"मी."

"जिवंत माणसाचं?"

"हो मॅडम. त्या कॉफी पीत होत्या."

बाईंनी वहीत सही केली. पास.

कर्टिस आता इथेच पुरता मास्तर आहे. रविवारी कॉफीला येतो आणि पेटीकडे पाठ करून बसतो. मी त्यात लोकरीचे गुंडे ठेवलेत. विणता विणता मुद्दाम म्हणते, "कर्टिस, निळी लोकर दे रे जरा. अगदी तळाशी आहे."