पहिल्या फटक्याला न पडणारा बाबालाल

बाबालाल पिंजारी मूळचा गारगोटीचा. बाप गाद्या पिंजायचा. पोरगा सैन्यभरतीसाठी कोल्हापुरात आला, आमच्या तालमीत राहिला आणि बेळगावला पलटणीत लागला. त्याच दिवशी मीही रांगेत होतो. माझी छाती कमी भरली. मी फौंड्रीत साचे भरायला गेलो, तो काश्मीरच्या बर्फात.

हवालदार होऊन तो परतला. आता शाहूपुरीत एका सराफाच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो आणि पहाटे तालमीत मर्दानी खेळ शिकवतो. पैसे घेत नाही, पण घाम काढतो. निम्मी पोरं पहिल्या महिन्यातच पळतात. पळणाऱ्यांबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही.

यंदा शिवजयंतीला पावनखिंडीची लढाई दाखवायचं ठरलं. तालमीचा अध्यक्ष धैर्यशील. त्याचा पुतण्या विश्वजित बाजीप्रभू होणार होता. विश्वजितचे दंड जिममधले, तालमीत तो सवडीनं येणारा. बाबालालला सिद्दीचा सरदार केलं.

मी भडकलो. "इतकी वर्षं मावळा होतास. आत्ताच कसा रं सरदार सुचला त्यास्नी?"

"मला कळत न्हाय व्हय?" बाबालाल म्हणाला. "पण कुणीतरी व्हायलाच पायजे. समोर कोण नसलं तर बाजी लढणार कुणासंगं? खोटी दाढी मात्र लावणार न्हाय. पलटणीत रोज गुळगुळीत केलीया."

गर्दीत उघडं पातं नको म्हणून लढत फरी-गदग्याची होती. फरी म्हणजे चामड्याची ढाल, गदगा म्हणजे चामडं चढवलेली काठी. सरावाला धैर्यशील म्हणाला, "वस्ताद, विश्वजितनं पहिला फटका टाकला की तुमी पडायचं. लगेच पोवाडा सुरू."

"लागला तर पडतो."

"लागायचं काय त्यात? मोबाईलवर अर्ध्या मिनिटात बसाय पायजे ते."

"धैर्यशील, तोफा ऐकू येईस्तोवर खिंड धरली त्या माणसानं. समोरची माणसं फुकाफुकी पडत असती, तर त्यात बाजींनी मोठं काय केलं? मला सोपा केलास की बाजी लहान हुत्यात."

"लोकं बाजीप्रभूंना बघाय येणार हाईत, तुमाला न्हाय."

"म्हणून तर सांगतोय."

धैर्यशीलचा आवाज चढला. "उद्या पडला न्हाईसा, तर परवापास्नं तालमीत शिकवायचं बंद. आमची पोरं आमी बघतो."

बाबालाल फरी खुंटीला अडकवून ड्युटीवर गेला. ती पहाटेची शिकवणी सोडून त्याला दुसरा नाद नाही, हे धैर्यशीलला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी चौक भरला. हलगी कडाडली. बाबालाल गुळगुळीत दाढी करून रिंगणात उतरला. विश्वजितनं पहिला फटका टाकला. बाबालालनं तो फरीवर घेतला.

"आणि सिद्दीचा सरदार कोसळला!" धैर्यशील माईकवरून गरजला.

"कुठं कोसळलाय? उभा हाय की!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. चौक खदखदला.

विश्वजितनं दुसरा टाकला, तिसरा टाकला. सगळे फरीवर. मी कडेलाच होतो, मला ऐकू येत होतं.

"वस्ताद, पडा की. हसाय लागल्यात."

"तुला हसाय लागल्यात. खांदा आधी हालवतोस, मला आधीच कळतंय. गुडघा वाकव. मार."

विश्वजितला राग आला. त्यानं गुडघा वाकवला. आता खरी लढत लागली. हलगीवाल्यानं ते ओळखलं आणि ठेका वाढवला. पोवाड्याचे शाहीर डफ धरून नुसते बघत राहिले. विश्वजितचा फेटा सुटला, श्वास फुलला, पण तो मागं सरला नाही. त्या पोराला मी पहिल्यांदाच कष्ट करताना बघत होतो. शेवटी त्यानं खांदा दाबून ठेवला, खालून गदगा काढला आणि बाबालालच्या बरगडीवर हाणला. आवाज चौकभर गेला.

"लागला!" बाबालाल ओरडला आणि मग पडला.

शिट्ट्या थांबेनात. विश्वजितला खांद्यावर घेतलं. धैर्यशील बाबालालजवळ आला.

"आमची इज्जत घालवलीसा. सांगितलं हुतं. बंद म्हणजे बंद."

बाबालाल बरगडी धरून उठला. "बंद तू कर. पहाटं दारात उभा ऱ्हा आनि मला अडव."

धैर्यशील खरंच आला. मी पोचलो तेव्हा तो तालमीच्या उंबऱ्यावर हात पसरून उभा होता. आत मारुतीपुढं दिवा लागलेला. खाली आठ-दहा पोरं थांबलेली, त्यात विश्वजितही. काकासमोर बोलायची त्याची छाती नव्हती.

बाबालाल बरगडीला पट्टा आवळून आला. थेट धैर्यशीलच्या पुढ्यात थांबला. त्याच्या पायांकडं बघितलं.

"चपला घालून उंबऱ्यावर उभा हाईस. काढ आधी."

धैर्यशीलनं खाली बघितलं. पोरंही बघत होती. तो खाली उतरला आणि वाकून चपला काढू लागला.

बाबालाल आत गेला. मागोमाग पोरं गेली.