माहीमच्या काकांना न दाबवलेलं बटण

आधी एक दुरुस्ती. काल मी लिहिलं होतं की पालघरला तपासणीत एक मतदान मशीन चुकीचं निघालं आणि बाद झालं... ते बाद झालं नव्हतं, नुसतं बाजूला ठेवलं होतं. आणि चुकीचंही नव्हतं! ज्यांनी ती पोस्ट शेअर केली, त्यांनी प्लीज हीसुद्धा करा.

मी बोईसरला शाळेत शिकवते, निवडणुकीचं काम पहिल्यांदाच करतेय. खऱ्या मतदानाआधी मशीनवर मॉक पोल, म्हणजे चाचणीचं खोटं मतदान घेतात. मी चिन्ह पुकारायचं, उमेदवारांच्या प्रतिनिधींनी पाळीपाळीने बटण दाबायचं... प्रत्येक चिन्हाला सारखी मतं.

काल एका चिन्हाला एक मत कमी आलं, खालच्याला एक जास्त. मशीन तपासायला आलेले इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, मशीनचा आकडा आणि छापलेल्या चिठ्ठ्या जुळतायत. तुमचंच पुकारणं चुकलं असेल."

असेलही... पण शाळेत जायच्या आधी मला आत्याने घरी शिकवलंय, आणि ताळा घेतल्याशिवाय ती पाटी पुसू द्यायची नाही. तपासणीच्या अहवालावर मी सही केली नाही.

आज तेच मशीन, तीच माणसं. या वेळी मी कागदावर नाही, बटणांवर डोळे ठेवले. एका उमेदवाराचे प्रतिनिधी असलेल्या, इथल्या पालघरजवळच्या माहीमच्या वाडीवाल्या काकांची पाळी आली, मी त्यांच्या विरोधकाचं चिन्ह पुकारलं. काकांचं बोट तिथवर गेलं... आणि हळूच खाली सरकलं. स्वतःच्या चिन्हावर!

"काका, अहो!"

"काय करू पोरी? जन्मात त्याला मत दिलं नाय. बोटच जात नाय."

विरोधी उमेदवाराची प्रतिनिधी ताई खो खो हसायला लागली. "दाबा ओ काका, घरी नाय सांगत कोणाला!"

"तू गप गो. मघाशी आमच्या चिन्हावर दाबताना तुझं तोंड बघितलंय मी."

शेवटी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काकांनी डोळे मिटून बटण दाबलं, आणि बोट शर्टाला पुसलं. सगळी मतं जुळली. मी सही केली.

खरं सांगू, मला बरंच वाटलं... ज्याचं बोट खोट्या मतदानातही वळत नाही, तो खऱ्या दिवशी घरी बसणार नाही.

आता पुढची मशीन तपासायची आहेत. सुरुवातीलाच विचारणार आहे, विरोधकाचं बटण कोणाला दाबवणार नाही? लाजू नका, हात वर करा, तुमच्या वाटचं मी दाबते. येत्या सोमवारी, सकाळीच.