ब्राँझचे गुरुजी

पुतळा घडायला सहा महिने लागतात, त्याचे किस्से साठायला सहा दिवस पुरतात! सोलापूरच्या भवानी पेठेत मूर्तिकार आबांच्या कारखान्यात मी प्लास्टरचं काम करायचो. तेव्हापासून माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की जेवायला बसलो की घरचे आधीच दम देतात, "आज पुतळा काढू नका!" तुम्ही काही घरचे नव्हे, तेव्हा ऐका.

उजनी धरणाच्या पाण्यात एक गाव गेलं, त्याबरोबर शाळाही गेली. नव्या गावठाणात आपल्या वारलेल्या गुरुजींचा पुतळा बसवायचा, असं जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं. आबांचं हे पहिलंच पूर्णाकृती काम. अट एकच, गुरुजींच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, 'हेच ते' म्हणायला हवं. आणि बाई तिकडे केम गावात लेकीकडे आजारी! मातीतली चूक बोटानं पुसता येते, ब्राँझमधली निघाली तर सगळं पहिल्यापासून. आबांची झोपच उडाली होती.

*

माती वाळली की तडकते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ओलं गोणपाट तासाभरात कोरडं. आबांनी घरातली कोरी चादर आणली, भिजवली आणि मातीच्या गुरुजींना गुंडाळली.

आबांच्या घरातून काकू शोधत आल्या. "अहो, पाहुण्यांसाठी ठेवली होती ना ती!"

आबा म्हणाले, "मग? पाहुण्यांनाच दिलीय की!"

*

फोटो एकच, शाळेचा ग्रुप फोटो. त्यात गुरुजींचं तोंड हरभऱ्याएवढं! म्हणून चेहरा बघायला पाच विद्यार्थी बोलावले, सगळे पन्नाशीचे. एक म्हणतो नाक लांब, दुसरा म्हणतो बसकं.

आबा वैतागले. "अहो, चार वर्षं समोर बसलात ना?"

त्यातले सरपंच म्हणाले, "बसलो की! पर मान वर करायची कुनाची टाप हुती?"

मात्र पुतळ्याचा उजवा हात बघितला आणि पाचही जण एका सुरात ओरडले, "आंगठा चुकलाय!"

"एवढं खात्रीनं कसं सांगता?"

सरपंचांनी कान चोळला. "ह्या कानाला इचारा की!"

*

मातीवरून साचा घेतला आणि त्यातून मेणाचे गुरुजी निघाले. हे काम नरसय्याचं. घरी तेलुगू, पण शिव्या अस्सल मराठी. दुपारी छपराचा पत्रा तापला आणि गुरुजींचं नाक ओघळायला लागलं. नरसय्या शिव्या देत दोन तास पेपरानं वारा घालत बसला.

आबा आत आले. "नरसय्या, शाळेत किती शिकलास?"

"दुसरी नापास."

"आता पास करतील बघ!"

*

मेणाच्या आतबाहेर प्लास्टर आणि विटांच्या भुकटीचा लगदा भरायचा, भट्टीत तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. आतली हवा निघून जायला नळ्या ठेवतात. ते काम माझं. डाव्या कानाची नळी राहिली!

साचा फोडला. गुरुजी आले, डावा कान आलाच नाही. रस ओतणारे हुसेनचाचा घाम पुसत म्हणाले, "पूरे गाँव के कान पकड़े, अपनाच छोड़ दिये!"

कान वेगळा ओतून जोडला.

*

शेवटी बाई बऱ्या झाल्या आणि आल्या. दारातूनच तोंडाचा पट्टा सुरू. "हितं झाडू मारत न्हाईत व्हय वो? अन् येवडा खर्च कशापायी? त्ये असते तर म्हनले असते, पोरान्ला पाट्या घ्या!"

पाचही विद्यार्थी भिंतीला चिकटून उभे. मी पुतळ्यावरचं कापड ओढलं.

बाई बोलता बोलता थांबल्या. एकदाच वर बघितलं. झटक्यात पदर पुढे ओढला, दोन पावलं मागं सरल्या आणि खांबाआड अंग चोरून उभ्या राहिल्या. 'हेच ते' मात्र अजून बाकीच. आबांनी मला खुणावलं, तसा मी जवळ गेलो.

बाईंनी आवाज अगदी खाली आणून मला विचारलं,

"त्ये जेवलेत का?"