चष्म्याच्या दुकानाची पाटी

छापखान्यात तीस वर्षं अक्षरजुळणी केलेल्या अक्काला निवृत्तीनंतर घरात चैन पडेना. ती धाकट्या भावाच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बसे, पण तिथेही तिला त्या पाटीचा त्रास व्हायचा. लाल फळीवर पिवळ्या, नक्षीदार अक्षरांच्या नऊ ओळी कोंबल्या होत्या.

"ही पाटी बदल रे," ती रोज म्हणे.

"अक्का, बाबांनी लावलीय ती. आणि सगळी माहिती आहे की तिच्यात!"

एका सकाळी एक आजोबा नेमके त्या पाटीखाली थांबले आणि डोळे बारीक करून भावालाच म्हणाले, "इथं चष्म्याचं दुकान कुठे आहे हो?"

भावाचा चेहरा पडला. त्या दुपारी त्याने स्वतःच शिडी आणली.

दोन दिवस अक्का पांढऱ्या फळीवर अक्षरं आखत होती, पुसत होती, पुन्हा आखत होती. शेवटी एकच शब्द उरला: चष्मे. काळा, हातभर उंच, भोवती भरपूर मोकळी जागा. तो रस्त्यापलीकडूनही वाचता येई. आठवड्याभरात अनोळखी माणसं दुकानात येऊ लागली.

"आता तरी निवांत बस," भाऊ म्हणाला.

पण अक्का दारात उभी राहून शेजारच्या शिंप्याच्या पाटीकडे बघत होती. तिचे हात शिवशिवत होते.