जास्तीची घागर

मे महिन्यात नागपूरकर घराबाहेर पडत नाहीत, आणि पडलेच तर थंड हवेच्या गावाला जातात. मी गाडी काढून एकटीच बागा आणि अभयारण्यं बघायला निघाले, तेव्हा माझ्या डोक्यावर उन्हाचा परिणाम झालाय असं हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीने ठरवून टाकलं. यजमान हिवाळ्यात गेले. मुलगा पुण्याहून सारखा सांगायचा, "आई, गाडी विक आणि इकडे ये. तुला एकटीला जमणार नाही." जमतं की नाही ते मलाच पाहायचं होतं. देवाशी माझं बोलणं बंद होतं. यजमान दवाखान्यात असताना मागायचं तेवढं मागून झालं होतं. म्हणून या प्रवासात कुणाकडे काही मागायचं नाही, माणसाकडे नाही आणि देवाकडेही नाही, असा निश्चय करूनच निघाले.

सुरुवात चांगली झाली. रामटेकला गड चढले नाही, खालूनच पुढे पेंचला गेले. पानगळ झालेल्या जंगलात दूरपर्यंत दिसतं. पाणवठ्यावर एक रानगवा मान खाली घालून इतका वेळ पाणी पीत होता की गाइडसुद्धा बोलायचा थांबला. तिथून नवेगावबांधला तळ्याकाठची बाग बघायला निघाले आणि मुख्य रस्ता सोडून जंगलातली जवळची वाट धरली. भर दुपारी बोनेटमधून वाफ यायला लागली. रेडिएटरचा पाइप तडकला होता. इंजिन निवल्यावर मी पाइपाला चिकटपट्टी गुंडाळली आणि जवळचं सगळं पिण्याचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. गाडी जेमतेम एक वळण पुढे गेली, पट्टी सुटली आणि पाणी डांबरावर पडून डोळ्यांदेखत वाळलं. फोनला रेंज नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

थोडं चालल्यावर मोहाच्या झाडाखाली महादेवाचं लहानसं देऊळ दिसलं. वैशाखात पिंडीवर तळाला भोक पाडलेलं मडकं टांगतात, देवाला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून. थेंब थेंब पाणी पडत होतं. मडकं काठोकाठ भरलेलं होतं. मी सावलीला टेकले आणि त्या थेंबांकडे बघत बसले. हात पुढे केला असता तर ओंजळ भरली असती. पण पिंडीवरचं पाणी घ्यायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. शिवाय ज्याच्याशी बोलणं टाकलं त्याच्याच दारचं पाणी कसं प्यायचं? घाम यायचा थांबला होता, डोकं ठणकत होतं. हा उष्माघात आहे, आता पाणी मिळालं नाही तर शुद्ध जाईल, हे मला नीट कळत होतं. तरीही मी बसूनच राहिले. शेवटी तोंडातून निघालं, "मला एकटीला नाही जमत." एवढंच. त्याला प्रार्थना म्हणावं की नाही, मला माहीत नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. डोक्यावर घागर घेतलेली एक म्हातारी पायवाटेने स्वतःशीच बडबडत आली. घागर उतरवून तिने मडक्यात डोकावलं आणि कपाळावर हात मारला. "घ्या! हे तं भरूनच हाय. म्हंजे पाणी घालाची माही बारी उद्या! तेंदूपत्ता तोडाच्या नादात दिवसाचंच भान नाही रायलं. उन्हातानात फुकट खेप झाली वं माय." मग मी दिसले. "काहून वं बाई, एकटी बसली? तोंड पाह्य कसं लालभडक झालं तुहं! पाणी समोर हाय अन् तहानेनं मरून रायली?"

"देवाचं आहे ते, मावशी."

"मंग तू कोनाची हायस?" ती फिस्सकन हसली आणि तिने घागर माझ्या तोंडाला लावली. "हळू पी. शहरातली हायस नं? पाण्यालेबी घाई." उरलेलं पाणी तिने माझ्या डोक्यावर ओतलं, पिंडीवर ओततात तसं, संथ धारेने.

तिच्या दिराने मोटरसायकलवरून साकोलीच्या गॅरेजला निरोप नेला. पाइप दुसऱ्या दिवशी येणार होता. रात्री मी तिच्याच अंगणात खाटेवर झोपले. सकाळी तिची खरी बारी होती. "घागर मी नेते," म्हटलं तर ती म्हणाली, "सांडशील वं, तुले सवय नाही." सांडलं थोडं. अर्धी साडी भिजली. तरी मडकं भरलं.

हा चमत्कार होता असं मी कुणाला पटवत नाही. एका बाईचा दिवस चुकला, इतकंच घडलं. पण ती चुकली नसती तर आज मी हे लिहायला नसते. पाइप बसवून मी नवेगावची बाग पाहिली, नागझिराही पाहिलं आणि स्वतः गाडी चालवत घरी आले. गाडी विकलेली नाही. मुलाला म्हटलं, "एकटीने जमतं, पण जमवून देणारा कुणी असतो." यजमान का गेले, याचं उत्तर मला महादेवाने दिलेलं नाही. मीही आता विचारत नाही. सकाळी त्याच्यासमोर हात जोडते आणि त्या मावशीला उदंड आयुष्य मागते. मागायला आता संकोच वाटत नाही.