रेडिओचं तोंड

चार म्हातारे चहाला बसले की शाळेच्या गोष्टी निघतात, आणि एक सांगून होते न होते तोच दुसरी तिच्यामागं येऊन उभी. मी शाळेचा शिपाई, शिक्षण चौथीपर्यंत. शिपायाला वर्गात बसावं लागत नाही, म्हणून शाळा मला कायम आवडली.

आमची शाळा सोलापुरात, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या मागांच्या वस्तीत. एका अंगाला यंत्रमागाचं शेड, दुसऱ्या अंगालाही शेडच. आणीबाणीच्या आगंमागं दिल्लीत कुणीतरी ठरवलं की आता देशातल्या पोरांना यंत्रानं शिकवायचं. त्याला राष्ट्रीय धोरण म्हणायचं म्हणे. आधी शाळेत रेडिओ, मग टीव्ही, मग धडे थेट आकाशातनं. ठरवणाऱ्याच्या घराशेजारी माग नव्हता, एवढं मी तेव्हाच ओळखलं.

*

रेडिओ आला, त्याच्यामागं दोन परिपत्रकं आली. एकात लिहिलं होतं, रेडिओ कुलुपात ठेवावा. दुसऱ्यात होतं, रेडिओ रोज वाजवावा.

आमचे हेडमास्तर सरळ माणूस. त्यांनी दोन्ही पाळली. रेडिओ लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात साखळीनं बांधला. धड्याची वेळ झाली की कपाटाचं दार उघडायचं, आतल्या आत रेडिओ लावायचा आणि पोरांनी कपाटाकडं तोंड करून मांडी घालून बसायचं.

एकदा एक आजोबा नातवाला न्यायला आले. दारातनं बघितलं, चपला काढल्या आणि लांबूनच हात जोडले.

आमचे बिराजदार गुरुजी अक्कलकोटकडचे. ते म्हणाले, "सर, उद्यापासनं नारळ आणतील बघा. प्रसादाचं तुमी बघायचं, मी बघणार न्हाय."

*

योजनेत रेडिओ होता, सेल नव्हते. हेडमास्तरांनी अर्ज केला. उत्तर आलं, शाळेत वीज असल्यास सेलची गरज नाही. हेडमास्तरांनी कळवलं, शाळेत वीज नाही. उत्तर आलं, विजेसाठी वेगळा अर्ज करावा.

शेवटी ते माझ्याकडं आले. "तुझी बॅटरी दाखव जरा."

सरकारनं शाळेच्या राखणीला मला एक हातबॅटरी दिली होती. तिच्यातले सेल दिवसा रेडिओत, संध्याकाळी परत बॅटरीत. मी हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं, "देशाचं धोरण माझ्या बॅटरीवर चाललंय, तेवढं वर कळवा."

"कळवतो की," ते म्हणाले. खरंच कळवलं असतं त्यांनी. मीच हात धरला.

*

हद्दीपलीकडं, कर्नाटकातल्या काही गावांत तेव्हा टीव्ही आले होते. बिराजदार गुरुजींच्या बहिणीच्या गावात शाळेतच ठेवला होता. गुरुजी मोठ्या हौसेनं बघायला गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

हेडमास्तरांनी विचारलं, "कसा काय होता धडा?"

"धडा झ्याक होता. शेतीचा होता. माझा मेव्हणा उठला, पडद्यावरच्या माणसाला कानडीत म्हणाला, औत असं धरत्यात व्हय रे? त्यानं काय ऐकलं न्हाय. मेव्हणा रागानं घरी गेला. अजून बोलत न्हाय कुणाशी."

*

मग गज्जमबाई आल्या. बापाचे हात अख्खा जन्म मागावर. आळीत शिकून मास्तरीण झालेली ही पहिली पोर. नेमणूक मात्र हंगामी, खास रेडिओच्या धड्यांसाठी. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार, रेडिओ पोरांच्या उपयोगी पडतोय असं दिसलं तर बाई कायम. न दिसलं तर रेडिओ दुसऱ्या शाळेला आणि बाई परत घरी, मागासाठी सुताच्या कांड्या भरायला. बाई हे कुणाला बोलल्या नाहीत. पण मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आणि तसाच झाकायच्या, ते दिसत होतं.

पहिल्याच दिवशी रेडिओ लावला. शेजारी माग धडधडत होते. पोरं नुसती बसलेली. बाईंनी विचारलं, "ऐकू येतंय का?"

एक पोरगी तेलुगूत म्हणाली, "नोरू कनबडतलेदू." म्हणजे, तोंडच दिसत नाही.

हेडमास्तर चक्रावले. "रेडिओला तोंड कुठनं आणू?"

बाई मात्र हसल्या. मागाच्या शेडात ओरडून उपयोग नसतो. तिथली माणसं ओठांनी बोलतात आणि ओठांवरनंच ऐकतात. नवरा ह्या टोकाला, बायको त्या टोकाला, मधी सगळा खडखडाट, तरी भांडण व्यवस्थित चालू असतं. पोरं त्यातच वाढलेली. त्या दिवसापासनं बाई कपाटात डोकं घालून रेडिओ ऐकायच्या आणि पोरांकडं वळून तेच ओठांनी सांगायच्या. मराठीतलं अडलं की तेलुगूत.

*

साहेब आले त्या दिवशी सेल मेलेले होते. बाईंना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. हेडमास्तरांना आम्ही सांगितलं नाही, ते खरं बोलले असते.

धडा वाफेच्या इंजिनाचा. धड्याचं छापील पुस्तक आधी यायचं, ते बाईंनी वाचलेलं. त्यांनी कपाट उघडलं, खटका फिरवला, शेजारी बसल्या आणि ओठ हलवायला लागल्या. साहेब मागं खिडकीपाशी खुर्चीवर. माग जोरात. साहेब एकदा हा कान पुढं करायचे, एकदा तो.

धडा संपला. साहेबांनी ओरडून प्रश्न विचारले. पोरांनी वाफ कुठनं येते, दट्ट्याला कशी ढकलते, चाक कसं फिरतं, सगळं सांगितलं. साहेब खूश. "मला एक शब्द ऐकू आला नाही, पण पोरांना सगळं कळलंय. रेडिओ फार चांगला आहे." कागद काढून तसं लिहायलाही घेतलं.

तेवढ्यात कामगारांची चहाची सुट्टी झाली आणि दोन्ही बाजूंचे माग थांबले. सगळं एकदम गप्प.

साहेब म्हणाले, "बातम्यांची वेळ झाली. जरा लावा बघू."

बिराजदार गुरुजी पटकन म्हणाले, "साहेब, आधी चहा घ्या की."

साहेब उठले, कपाटापाशी गेले, खटका फिरवला. परत फिरवला. कान लावला.

बाई उभ्या राहिल्या. पदराचं टोक हातात. "सेल संपलेत, साहेब."

"कधी?"

"परवा."

"मग मघाशी पोरांना शिकवत कोण होतं?"

 हेडमास्तर भिंतीकडं बघत होते. साहेबांनी हातातल्या कागदाकडं बघितलं, मग पोरांकडं. पोरं बाईंच्या तोंडाकडं बघत होती.

चहा उरकून कामगार आले आणि शेजारी माग परत सुरू झाले. साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. मागची खुर्ची स्वतः उचलली, पार पुढं, बाईंच्या समोर आणून ठेवली आणि बसले. बाईंकडं बघून काहीतरी बोलले. खडखडाटात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बाईंना मात्र कळलं, त्यांनी पोरांकडं वळून ओठ हलवले.

पोरांनी नव्या धड्यासाठी पाट्या पुसायला घेतल्या.