बाची वीत

रविवार म्हटला की लोकांना मटण आठवतं, मला तेलात भिजवलेला कापूस आठवतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर आमची शिडाची जुनी होडी ओंडक्यांवर चढवून ठेवलेली असे. तिच्या फळ्यांमधल्या फटींत हा कापूस बोथट छिन्नीनं ठोकून बसवणं हे माझं काम. सहा दिवस अंधेरीच्या कारखान्यात फिटर म्हणून उभं राहायचं आणि सातव्या दिवशी होडीच्या पोटाखाली उताणं पडायचं. कापूस ठोकून झाला की बुडाला चिकटलेली शिंपली खरवडायची, किडा कुठे शिरलाय ते खिळ्यानं टोचून बघायचं, मग तेलात चंद्रूस, म्हणजे झाडाची राळ, उकळून ते गरम गरम फळ्यांना फासायचं. सगळं संपेपर्यंत पहिली बाजू पुन्हा उकललेली. सोमवारी कारखान्यात माझ्या शेजारी डबा खायला कुणी बसत नसे. त्यांचं काही चुकत नव्हतं, हाताचा वास मलाच सोसत नव्हता.

आमच्या घरात तिला होडी नाही, होरी म्हणत. होरी म्हणजे घरातली थोरली लेक, असा एकंदर कारभार. माझं नवं लग्न झालं होतं. बायको भांडुपच्या खाडीकडची, तीही कोळ्याचीच, त्यामुळे वासाचं तिला काही नव्हतं. पण दर रविवारी तिला माहेरी एकटीलाच जावं लागे. "तुझ्या बापानं आधी तुझं होरीशी लगीन लावलं, मंग माझ्याशी," असं ती मला तोंडावर म्हणायची. ती बोलत होती ते खरंच होतं.

हे एकोणिसशे सत्तरच्या आसपासचं सांगतोय. तोवर किनाऱ्यावर इंजिनाच्या होड्या आल्या होत्या. आमच्या होडीवर बाबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, चार खलाशी असत. शीड चढवायला, फिरवायला तेवढी माणसं लागतातच. ते चौघे एकेक करून इंजिनवाल्यांकडे गेले. त्यांनाही दोष कसा द्यायचा, तिकडे पाठ मोडत नव्हती. बा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, पण माणसांवाचून तांडेल काय करणार? दोन हंगाम होडी जागची हलली नाही. लाकूड पाण्यात टिकतं, कोरड्यावर उघडतं. तिसरा हंगामही ती वाळूतच गेली असती तर तिच्या फळ्या जळणालाच उरल्या असत्या, आणि बा आयुष्यभर इतरांच्या होड्या जाताना बघत बसला असता. तो आताच तसा बसायला लागला होता. सकाळी चहा घेऊन किनाऱ्यावर जायचा आणि दुपारी जेवायला हाक मारावी लागायची.

इंजिन बसवायची कल्पना माझी. ती बाच्या मायेपोटी सुचली असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं कारण असं की मी दमलो होतो. इंजिन असलं की दोन माणसांत भागतं. बा आणि शेजारचा एक खलाशी, झालं. मग रविवार माझा. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडला की होडी पाण्यात आणि मी भांडुपला, एवढाच माझा हिशेब.

एका ओळखीच्याकडून जुनं डिझेल इंजिन मिळालं. आमच्या ओट्यावर मी ते पूर्ण सोडवलं, रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले. आई रोज अंधेरीच्या बाजारातून रिकामी टोपली घेऊन परतायची आणि इंजिनाला वळसा घालून घरात शिरायची. "माझं बोंबील सुकवायला जागा नाय, नि ह्याला बघ कसं निजवलंय!" म्हणायची. पण इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा टोपली खाली ठेवून तिनं त्याला हळदकुंकू लावलं.

बसवायचं काम मोठं होतं. होडीच्या मागच्या उभ्या खांबातून आरपार भोक पाडायचं, त्यातून शाफ्ट काढायचा आणि बाहेर पाण्यात पंखा. त्यासाठी सुतार आणला. हा मालवणकडचा, राहायला मालाडला, बोलायला कमी आणि कामाला चोख. झावळ्यांच्या मांडवाखाली, वरून टपटप गळत असताना, त्यानं इंजिनाची बैठक अशी बसवली की माझ्या कारखान्यातल्या लोकांनी बघायला यावं.

आता मापाची गोष्ट. आमच्याकडे होडी बांधायला घेतली की मालकाची वीत हेच तिचं माप. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पसरलेला हात. बा तिशीत असताना ही होडी बांधली, तेव्हा बांधणाऱ्यानं त्याचा हात लाकडावर पसरून घेतला होता. बाक किती अंतरावर, काठ किती उंच, सगळं बाच्या वितीत. ते कागदावर कुठे नाही, बाच्या डोक्यात आहे. आणि म्हणूनच मागच्या खांबाच्या पोटात जोडाचा लांब लोखंडी खिळा कुठून जातो, हे जगात एकट्या बाला माहीत होतं. खिळा बाहेरून दिसत नाही. तो चुकवून भोक पाडलं पाहिजे.

मी खिशातली पोलादी टेप काढली तर बा म्हणाला, "होरीला फुटपट्टी नाय लावाची. ती माझे हातानी झायली. पठाणापासून दोन वीत चार बोटं."

पठाण म्हणजे होडीच्या तळाचा लांब कणा. बा वाकला, कण्याला अंगठा टेकवला आणि वीत घातली. मी जवळच उभा होतो. चाळीस वर्षं दोर ओढून त्याची बोटं आत वळली होती. करंगळी तर उघडतच नव्हती. घास घेतानाही ती तळव्याला टेकलेली असायची. त्याला वाटत होतं की हात पूर्ण पसरलाय. दोन विती, वर चार बोटं, आणि त्यानं कोळशानं खूण केली.

खूण खाली आली होती. हे मला तिथल्या तिथे कळलं. इंजिनाच्या बैठकीसाठी मी आधीच दोन बाकांमधलं अंतर टेपनं घेतलं होतं. ते बाच्या तीन वितींचं, म्हणजे साडेअठ्ठावीस इंच. एक वीत साडेनऊ. त्या मापानं, चार बोटांचे तीन इंच धरून, भोक बावीस इंचांवर हवं होतं, खूण जेमतेम साडेएकोणिसावर होती. एवढं गणित मला येत होतं. तोंड उघडायचं काय ते राहिलं.

का नाही उघडलं? सुतारासमोर तांडेलाच्या हाताला टेप कशी लावायची, हे एक कारण. ते मी पुढे अनेकांना सांगितलं. दुसरं कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळ होत आली होती, माझी पाठ दुखत होती आणि बोललो असतो तर वाद झाला असता, काम पुढच्या रविवारवर गेलं असतं. थोडा फरक पाचर मारून जुळवता येईल, असं मी मनाला समजावलं. फिटर माणसानं असं समजावू नये.

सुतारानं खुणेवर गिरमीट लावलं. चार इंच आत गेलं आणि खाडकन आवाज आला. गिरमिटाचं टोक खिळ्यावर बसून तुटलं होतं आणि खांबाला वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढा तडा गेला होता. बानं तड्यावरून हात फिरवला आणि मग सुतारावर असा भडकला की मांडवाबाहेरची माणसं गोळा झाली. "गिरमीट वाकरं धरलंस! होरीची वाट लावलीस!" सुतारानं हत्यारं पुसून पिशवीत भरली आणि तो पावसात चालायला लागला. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा. आजही ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

पौर्णिमेला महिनाही उरला नव्हता. मी मालाडला सुताराच्या घरी गेलो, माफी मागितली, परत चल म्हणालो. त्यानं मला चहा पाजला आणि म्हणाला, "गिरमीट वाकडा नव्हता. माप तुज्या बापाशीचा होता. तुका ठावक होता मां? मी तुज्या तोंडाकडे बघलंय तेवा." मी मान खाली घातली. "मग तुज्या बापाशीक येऊक सांग. तुजी माफी माका कित्याक होयी?"

घरी आलो तेव्हा बा होडीतच बसला होता. मी वर चढलो आणि त्याच्याशी कसं बोलायचं ते न सुचून सरळच बोललो. "बा, ह्या दोन बाकांत तुझ्या तीन विती ना?"

"तीन. त्यात काय?"

"घालून बघ."

त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं आणि वीत घातली. एक. दोन. तीन. पुढच्या बाकापर्यंत चांगली चार-पाच बोटं जागा उरली. त्यानं पुन्हा घातली. मग डाव्या हातानं घातली. मग उजव्या हातानं डाव्या हाताची करंगळी धरून ती ओढून सरळ करायला लागला, आणि मला ते बघवेना. "राहू दे रे बा," मी म्हणालो.

"तुना तवाच कललेलं?" त्यानं विचारलं.

"हो."

"मंग बोललास कला नाय?"

मी खरं तेच सांगितलं. "दमलो होतो."

मला वाटलं, आता माझ्यावर भडकेल. भडकला असता तर बरं झालं असतं. तो उतरला आणि घरी गेला. दोन दिवस जेवताना त्यानं हात पानाखाली लपवल्यासारखा धरला होता. आईनं मला विचारलं, मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो एकटा मालाडला जाऊन आला. तिथे काय बोलला ते ना त्यानं सांगितलं ना सुतारानं. पण त्या रविवारी सुतार आला, तडा गेलेला भाग कापून त्यानं सागाचा नवा तुकडा सांधला, लोखंडी पट्ट्या आवळल्या. पुढच्या रविवारी पुन्हा भोकाची वेळ आली. मी टेप हातात घेऊनच आलो होतो. वाटलं, आता तरी.

बानं टेपकडे ढुंकून पाहिलं नाही. माझं मनगट पकडलं, मला खाली वाकवलं आणि माझा हात खांबावर पसरून सुताराला म्हणाला, "आता ह्याची वीत घे."

सुतारानं दोन विती घेतल्या, वर चार बोटं लावली. माझा हात बाच्या तिशीतल्या हातापेक्षा लहान. मी कधी दोर ओढलाच नव्हता. "कमी पडता," सुतार म्हणाला.

"किती?"

"बोटभर."

"बोटभर ना?" बा माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि माझ्या बोटांच्या वर त्यानं स्वतःचं एक बोट आडवं धरलं. "हं. हितं भोक पार. नि ह्यापुरं होरीची सगली मापं ह्याचे हाताची."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगतो. मला रडू आलं, आणि त्याच वेळी, वीत माझी म्हणजे होडीही आता माझी, माझे सगळे रविवार गेले हेही कळलं. टेप माझ्या दुसऱ्या मुठीत होती. नको म्हणायला तीच एक वेळ होती. सुतार गिरमिटाला नवं टोक लावत होता, त्याला वेळ लागत होता, माझं कोपर भरून आलं होतं. पण मी हात काढला नाही, कारण काढला असता तर बाचं ते एक बोट लाकडावर एकटंच राहिलं असतं.